सासुरवाडीच्या पारावरचं वळण

आधी पळायचं, मग सायकल, मग पुन्हा पळायचं. असली शर्यत आमच्या भागात कुणी पाहिलेली नव्हती. विद्यापीठाच्या नामांतराच्या वादापासून गावातली पोरं आणि वस्तीतली पोरं एका मैदानावर येत नव्हती. ती निदान एका रेघेवर उभी राहावीत, म्हणून शाळेतल्या खेळाच्या मास्तरांनी जानेवारीच्या थंडीत ही शर्यत काढली. शाळेपासून पिंगळीच्या फाट्यापर्यंत पळायचं, तिथून सायकलवर शेजारच्या गावच्या पाराला वळसा घालून फाट्यावर यायचं आणि परत पळत शाळा गाठायची.

मी काही पळणारा माणूस नव्हे. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पोट जरा सुटलं होतं. पण ते शेजारचं गाव म्हणजे माझी सासुरवाडी, आणि तिथंच सगळं अडलं होतं.

आमच्या लग्नात पंगतीला बुंदी संपली. माझे चुलते भर मांडवात रुसले. म्हणाले, "बोलावनं आल्याबिगर आमचं मानूस तुमच्या गावात पाऊल टाकनार न्हाई." सासरेही काही कमी नव्हते. ते म्हणाले, "जावई आल्याबिगर मी बी पोरीला न्यायला येनार न्हाई." झालं. हे बोलावण्याची वाट बघतात, ते येण्याची. दोघांची इज्जत शाबूत राहिली आणि बायकोच्या दोन संक्रांती माहेराविना गेल्या. ती तक्रार करत नसे. फक्त त्या गावचं कुणी बाजारात भेटलं की हातातलं काम टाकून त्याच्याशी बोलत उभी राहायची, आणि मला ते बघवत नसे.

शर्यतीची दवंडी तिनंच आधी ऐकली. रात्री ताट वाढताना म्हणाली, "नाव द्या की तुमी."

"मी? लोक हसतील."

"हसू द्या. शर्यतीत गेलं तर त्याला कुनी गेलं म्हनत न्हाई."

बायकोचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालतं, हे मला त्या रात्री पुरतं समजलं. चुलत्यांना काही बोलायला जागा नव्हती. रस्ता मास्तरांनी ठरवला होता.

शर्यतीच्या दिवशी फाट्यापर्यंत पळतानाच माझा जीव मेटाकुटीला आला. सायकलवर मात्र बरं वाटलं. दोन्ही बाजूंना ज्वारी, मधेच हरभऱ्याचे पट्टे आणि कानाला झोंबणारा वारा. रेटून पायडल मारत मी चक्क चौथ्या नंबरावर आलो. वाईट म्हणजे जिंकायची आशाही वाटू लागली.

अर्ध्या वाटेतून कुणी परत फिरू नये म्हणून पारावर प्रत्येकाच्या कपाळाला गुलाल लावायचा, असं ठरलं होतं. गुलाल लावणारा माणूस त्या गावानं द्यायचा होता. त्यांनी कुणाचीही गय न करणारा, सगळ्यांत तिरसट माणूस निवडून दिला. माझे सासरे.

परात हातात घेऊन ते पारापाशी उभे होते. मला बघून त्यांचा अंगठा गुलालात तसाच राहिला. मी सायकलवरूनच मान पुढं केली. मागून पोरं ओरडायला लागली, "मामा, उरका की!" तेव्हा त्यांनी अंगठा माझ्या कपाळाला टेकवला, आणि लगेच उचलला नाही.

मी निघणार तोच पारासमोरच्या घरातून सासूबाई धावत आल्या. "अवो, जावयाचं कपाळ भरलं आन् तसंच लावून देता व्हय?"

सासऱ्यांनी डाव्या हातानं माझ्या सायकलचं हँडल धरलं. उजव्या हातानं ते बाकीच्यांना गुलाल लावत राहिले.

"मामा, शर्यत हाय," मी म्हणालो.

"शर्यत दरसाल व्हईल. जावई दोन सालानं आलाय. बसा."

बसलो. पाय धुतले गेले, टोपी घातली गेली, खांद्यावर टॉवेल आला, तिळाचा लाडू तोंडात आला. वस्तीतली दोन पोरं मला हसत पुढं गेली, मग मागचे सगळेच गेले. चहा बशीत ओतून पिताना लोकांच्या हसण्याची मला पहिल्यांदाच लाज वाटली नाही. सासूबाई लेकीचं एकेक विचारत होत्या आणि सासरे आमच्याकडे पाठ करून सगळं ऐकत होते.

परतताना रस्ता मोकळा होता. फाट्यावर सायकल टाकून मी पळत, खरं तर चालत, शाळेकडे निघालो. मैदानात बक्षिसं वाटूनही झाली होती. नवी टोपी बघून लोकांनी टाळ्या पिटल्या, शिट्ट्या मारल्या. चुलत्यांनी तोंड फिरवलं. बायको शाळेच्या भिंतीशी बायकांत उभी होती. माझ्या खांद्यावरचा टॉवेल बघून तिनं पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात मागं घंटी वाजली. सासरे सायकलवरून मैदानात शिरत होते, कोपरापर्यंत गुलाल, हँडलला पिशवी. आणखी एक स्पर्धक राहिला होता असं समजून पोरांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मास्तर ओरडले, "मामा, सायकल फाट्यावर सोडायची व्हती!"

चुलत्यांसमोर कधी मान वर न करणारी माझी बायको चुन्याच्या रेघा तुडवत धावत सुटली. दिवसभरात त्या मैदानावर तिच्याएवढं जोरात कुणी पळालं नव्हतं. वडिलांची सायकल तिनं धरली, आणि धापा टाकत म्हणाली, "लय उशीर केला दादा तुमी."

साऱ्या गावाशी हुज्जत घालणारा तो माणूस खाली उतरला आणि म्हणाला, "केला, बाई."