मायचे उपास

माझ्या मायने देवासाठी एकही उपास केला नाही.

आज तिला जाऊन वर्ष झालं. सकाळपासून गल्लीच्या ग्रुपवर तिचा फोटो फिरतोय आणि खाली सगळ्यांचं एकच. किती देवाचं करायची, सोमवार-गुरुवार कधी चुकवला नाही, अशी बाई होणे नाही.

वाचून वाचून डोकं फिरलं, म्हणून लिहितेय.

आम्ही खानदेशातून कामासाठी शहरात आलेले, डिंडोलीत राहायचो. आप्पा, म्हणजे माझे वडील, बमरोलीला कापडाच्या लूमवर कामाला. लॉकडाऊन उठल्यावर लूम सुरू झाले, पण अर्धेच. आप्पा सकाळी डबा घेऊन जायचे आणि कधीकधी तोच भरलेला डबा घेऊन तासाभरात परत यायचे. शेठ म्हणायचा, माल उठत नाही.

मायला घरी साड्यांचे धागे कापायचं काम मिळायचं. तेही बंद पडलं.

मग घरात मायचा कारभार सुरू झाला.

फ्रीज बंद. टीव्हीचा रिचार्ज बंद. चहा कोरा. भाजी घ्यायची ती बाजार उठताना, उरलीसुरली.

वरणात इतकं पाणी की डाळ शोधावी लागायची. भाऊ म्हणायचा, "माय, यात पोहता येईल." ती हसायची आणि त्यालाच जास्त वाढायची.

गावाहून ज्वारीचं एक पोतं आलं होतं. दुसरं कधी येईल, कोणालाच माहीत नव्हतं.

त्याच महिन्यात मायने सोमवार धरला.

मग गुरुवार धरला. मग चतुर्थी, एकादशी, शनिवार.

आप्पा म्हणायचे, "जेवी ले वं."

ती म्हणायची, "मना उपास शे."

उपास म्हटलं की तुम्हाला खिचडी, भगर आठवेल. साबुदाणा ज्वारीपेक्षा महाग असतो हो. मायचा उपास म्हणजे कोरा चहा आणि पाणी. फार तर मूठभर शेंगदाणे.

मी तेव्हा बारावीत होते. एकदा विचारलं, "माय, एवढं काय मागतेस देवाला?"

पीठ मळता मळता म्हणाली, "देवले काय मांगू? डबामा पीठ थोडं शे. तुम्हले पुरी जाई."

मी डब्यात डोकावले.

"भूक नही सांगं ते तुन्हा बाप ऐकत नही," ती म्हणाली. "देवनं नाव लिधं का कोनी काही बोलत नही. कोनले सांगू नको."

नाही सांगितलं. तिचा मान राहावा, एवढं मला कळत होतं.

पण गल्लीत तिचं नाव झालं ना. बाया आधी मायला हळदीकुंकू लावायच्या. नव्या सुना पाया पडायच्या. भजनाला तिला सगळ्यांच्या पुढे बसवायचे. माय संकोचाने अर्धी व्हायची.

मग शेजारच्या सुमनकाकूंच्या मुलीचं लग्न आलं. जेवण आपलं खानदेशी. वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, वर तूप. मायचा जीव वरण-बट्टीवर.

घरातून निघताना मला हळूच म्हणाली, "आज मी जेवसू."

दिवस गुरुवार होता. तिच्या लक्षातच नव्हतं, की तिने मुद्दाम लक्षात घेतलं नाही, कोण जाणे.

पंगतीत बसली. पत्रावळ समोर आली. वाढपी बट्टी घेऊन वाकला, तेवढ्यात काकू धावत आल्या.

"अरे, तिले नको वाढू. तिना गुरुवार शे. पाप लागी आपले."

पत्रावळ उचलली गेली. तिच्या जागी एक केळं आणि पेलाभर दूध आलं. काकूंनी स्वतःच्या हाताने आणून ठेवलं, फार प्रेमाने. मला त्यांचा राग आजही येत नाही.

मायने केळं खाल्लं.

शेजारी बसून मी बट्टी नुसतीच कुस्करत होते.

ती म्हणाली, "खा. टाकू नको."

पुढे लूम हळूहळू नीट चालू लागले. पिठाचा डबा भरला. पण उपास काही सुटले नाहीत. सोडले तर लोक कारण विचारणार. शिवाय काम परत कधी बंद पडेल, ही धास्ती तिच्या मनातून कधी गेलीच नाही. आणि पोटालाही सवय झाली होती.

मागच्या वर्षी ताप आला. साधाच ताप.

डॉक्टरांनी रिपोर्ट बघून आप्पांना विचारलं, "भाई, ये खाती क्या है?"

आप्पा कौतुकाने म्हणाले, "साहेब, भगवान का बहुत करती है."

डॉक्टर म्हणाले, अंगात रक्तच उरलं नाहीये.

बाहेर बाकड्यावर मी आप्पांना सगळं सांगितलं. ते बसूनच राहिले. मी हाताला धरून उठवलं तेव्हा उठले.

त्याच आठवड्यात माय गेली.

आज वर्षश्राद्ध. दुपारी घरात सगळे जमले. तिच्या नावाचं पान वाढायला घेतलं आणि नेमका आज सोमवार.

सुमनकाकूंनी अगदी मनापासून विचारलं, "आज तिना सोमवार. पान उपासनं वाढानं का?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणाची तरी सून शेजारून साबुदाण्याची खिचडी मागून आणायला निघालीसुद्धा.

आप्पा कोपऱ्यातून उठले. वर्षभर ते चारचौघांत बोललेले मला आठवत नाहीत. त्यांनी पातेली स्वतःकडे ओढली आणि वाढायला लागले. भात, वरण, भाजी, पुऱ्या, खीर. पानात बोट ठेवायला जागा उरली नाही, तरी वाढतच होते.

काकू हळूच म्हणाल्या, "आप्पा, तिना उपास..."

"उपास नव्हता तो. भुकी व्हती ती."

मग पान उचलून म्हणाले, "तिले जेवू द्या."

काकू भिंतीला टेकून रडत राहिल्या.

पान गच्चीवर ठेवून आलोय.

माय, पोटभर जेव. आमच्यासाठी काही ठेवू नकोस.