सुदामच्या नावावरची गोळी

ती गोळी सुदामनं झाडली नव्हती, मी झाडली होती. एवढं एक वाक्य मला नऊ वर्षं कुणाला सांगता आलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आता लिहितोय, तरी दोनदा उठून आलो, पाणी पिऊन आलो, पुन्हा बसलो...

सुदाम गेल्याला आता दीड महिना होईल. मी अकोल्याच्या शाळेत परीक्षेच्या वर्गावर होतो, फोन खिशात थरथरत होता. बाहेर येऊन पाहिलं तर त्याच्या मुलाचे, गजाननचे, तीन फोन. "काका, बाबा गेले. अमरावतीले नेऊन रायलो होतो, वाटेतच..." अकोटमार्गे गावी पोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. अंजनगाव सुर्जीजवळचं आमचं गाव लहान, सगळेच आले होते. मसणवटीत माझ्यामागं दोघं एका नीलगाईबद्दल हळू आवाजात बोलत होते. "यानंच मारली होती ना थे रोही?" "हो ना. गाभण होती." मी मान वळवली नाही. वळवली असती तर काहीतरी बोलावं लागलं असतं.

आम्ही पहिलीपासून एका बाकावरचे. मी शिकलो, मास्तर झालो. तो घरच्या फुलशेतीत राहिला. झेंडू, शेवंती, निशिगंध. त्याच्या घराण्याला गावात एक मान होता: नवरात्रात अष्टमीला देवीच्या गळ्यातला पहिला हार त्यांच्या मळ्यातला. सुदाम तो हार स्वतः गुंफायचा, आंघोळ करून, कुणाशी न बोलता. त्या एका दिवशी न बोलणं त्याला फार जड जायचं. हार देवळात पोचवला की ओट्यावर बसून सकाळपासूनचं सगळं तुंबलेलं बोलून टाकायचा.

त्याच्याकडं वडिलांच्या वेळची भरमार बंदूक होती, पीक राखण्याच्या परवान्यावरची. तोंडातून दारू ओतायची, वर चिंध्या, मग शिशाची गोळी, गजानं ठासायची, मागं बार पेटवणारी टोपी बसवायची. रानडुकरं निशिगंधाचे वाफे उकरून टाकत, म्हणून ती घरात भरलेलीच असायची. मी तेव्हा परतवाड्याला नोकरीला होतो, रविवारी गावी यायचो. एकदा त्याला मोबाइलवर परदेशातल्या बंदुका दाखवल्या. तिकडं अजूनही तोंडातून भरायच्या बंदुका बनतात, पण नव्या तऱ्हेच्या. वर दुर्बीण, दारूच्या तयार वड्या, आणि मागचा पेच काढला की भरलेला माल न झाडता बाहेर ढकलता येतो. काही ठिकाणी तर या बंदुकीपुरता हरणाच्या शिकारीचा वेगळा हंगाम ठरवून दिलेला.

"हंगाम?" सुदाम म्हणाला. "मंग डुकराईले कोन सांगते, का बाबू आता हंगाम लागला, घरी बसा म्हणून?"

"आपल्याकडं हंगामच नाही. शिकार बंद म्हणजे बंद. पिकासाठी वनखात्याकडं अर्ज करायचा, परवानगी मिळाली तर मिळाली. तीही तुला डुकरापुरतीच आहे."

"थे माईत हाय मले. शिकवू नको मास्तर, सुट्टी हाय आज." मग फोन जवळ ओढून म्हणाला, "तो पेच मातर चांगला हाय. आपल्याले तेवढा पायजे."

कारण आमच्याकडं भरलेली बंदूक रिकामी करायची एकच रीत होती: झाडायची. निवडणूक लागली की आचारसंहितेत सगळ्या परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, आणि ठाण्यात भरलेली बंदूक घेत नाहीत. त्यामुळं जमा करण्याआधी ती बांधाच्या मातीत झाडून टाकायची. नऊ वर्षांपूर्वीही तसंच. सकाळचे दहा वाजले असतील. सुदाम परवान्याचा कागद शोधत होता, सापडत नव्हता. मला म्हणाला, "जाय, तेवढी बांधात झाडून ये. तुले बी कधी चालवाची होतीच ना."

मी गेलो. तुरीत रोही उभी होती. तिच्यामागं बांध होता... मी स्वतःला तेव्हा काय सांगितलं ते मला पक्कं आठवतं. गोळी वाया जाणारच आहे, हिच्या डोक्यावरून झाडू, घाबरून पळेल. पण हे खरं नाही. मी नेम धरला होता. आयुष्यात एकदा काहीतरी नेमकं लागतं का ते मला पाहायचं होतं.

लागलं.

आवाज ऐकून सुदाम धावत आला. जनावराकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि माझ्या हातातून बंदूक काढून घेतली. "हे काय केलं बे तू?" एवढंच. मग शेजारच्या शेतातली माणसं येताना दिसली तेव्हा म्हणाला, "तू बोलू नको. परवाना माह्या नावावर हाय, बंदूक माही हाय. तुयी नोकरी जाईन." मी "नाही रे" असं काहीतरी म्हणालो. पण हळू म्हणालो. फक्त त्याला ऐकू जाईल इतकंच.

वनखात्याची माणसं आली, पंचनामा झाला, पोटात पिल्लू निघालं. सुदामनं जबाब दिला, मी चार हातांवर उभा होतो. परवाना रद्द झाला, खटला उभा राहिला. तारखांना मी त्याच्यासोबत जायचो, कोर्टाबाहेर चहा प्यायचो, आणि त्यालाच मैत्री समजायचो. एकदा मी म्हणालो, "मी सांगून टाकतो रे." तो म्हणाला, "सांगाचं होतं तं तवाच सांगाचं." चिडून नाही म्हणाला. जीपमध्ये जागा आहे का ते पाहत म्हणाला. मी पुन्हा विषय काढला नाही, आणि त्यात मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहिलं पाहिजे.

त्याला शिक्षा कोर्टानं दिली नाही. त्याच वर्षी अष्टमीच्या आदल्या दिवशी देवळाची चार माणसं घरी आली. गोडीनं बोलली. गाईच्या जातीचं जनावर, त्यात गाभण, लोक बोलतात, यंदा हार राहू द्या. सुदाम म्हणाला, "बरं." त्या 'यंदा'ला नऊ वर्षं झाली. देवीचा हार आता अंजनगावच्या बाजारातून येतो. सुदाम अष्टमीला मळ्यातच थांबायचा, ओट्यावर आला नाही.

तो गेला, खटला संपला. वनखात्याच्या कागदावर त्याचं नाव तसंच राहिलं, आणि गावाच्या तोंडीही.

मागच्या रविवारी मी वहिनींना, सुदामच्या बायकोला, सांगितलं, सगळं, क्रमानं. त्या सुपात शेवंतीच्या पाकळ्या निवडत होत्या. माझं बोलणं संपेपर्यंत हात चालू होता, मग थांबला. मला वाटलं रडतील, नाहीतर हाकलतील.

"भाऊजी, गजानन दरसाल इचारते, आपला हार काहून घेत नाई म्हून. मी त्याले का सांगत होती, माईत हाय? तुह्या बापाच्या हातून पाप झालं, असं सांगत होती."

मी म्हणालो, "चुकलं माझं."

"मले काहून सांगता मंग? मी का हार नाकारला?" त्यांनी सूप बाजूला सारलं. "देवळात सांगा. समदे बसतात तवा सांगा. अन् गजाननले संगं घेऊन जा, त्याच्या कानावर पडू द्या."

मी हो म्हणालो आणि अकोल्याला परत आलो. या गोष्टीला आठ दिवस झाले. वहिनींना विचारूनच हे छापायला देतोय, पण पेपरात लिहिणं म्हणजे देवळात उभं राहून सांगणं नव्हे, हे मला कळतं. तिथं समोर माणसं असतात.

गावासमोर, गजाननला शेजारी उभं करून, ती गोळी माझी होती असं तोंडानं म्हणणं मी सुदामचं देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.