पॉइंट पंचवीसची लेन्स

चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचा नंबर काढायला जो माणूस बसायचा, त्याला सगळे ‘पॉइंट पंचवीस’ म्हणायचे. तोंडावर नाही, पण त्याला ते माहीत होतं आणि आतून त्याचा अभिमानही होता. पॉइंट पंचवीस म्हणजे चष्म्याच्या नंबरातला सगळ्यात बारीक फरक, आणि तेवढ्या फरकासाठी हा पठ्ठ्या गिऱ्हाइकाला रडकुंडीला आणायचा. नाकावर ती जड गोल फ्रेम चढवायची, तिच्यात काचा बदलत राहायचं आणि विचारायचं, “पहिली चांगली की दुसरी? आता? पुन्हा बघा.” गिऱ्हाईक शेवटी हात टेकून म्हणायचं, “दोन्ही सारख्याच दिसतात हो.” त्यावर हा शांतपणे सांगायचा, “एवढा विचार करू नका. पहिल्यांदा जे वाटलं ते बोला.”

दुसऱ्याला सांगायला काय जातं म्हणा!

तर याच माणसाच्या आईचे डोळे जायला लागले. मोतीबिंदू असता तर काढून मोकळे झाले असते, पण दुखणं डोळ्याच्या आतल्या पडद्याचं निघालं. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेतलं. “मधलं दिसणं हळूहळू जाईल, कडेचं राहील. चष्म्याने काही होणार नाही, हे तुम्हाला मी काय सांगू.” घरी आल्यावर आईने सगळं नीट विचारून घेतलं आणि म्हणाली, “मग असं कर. तू, सूनबाई आणि नात, तिघांचा एक मोठा फोटो काढ आणि माझ्या पलंगासमोर लाव. तुमचे चेहरे पुसट व्हायच्या आत डोळे भरून बघून घेते.”

बायकोने तिथल्या तिथे फोन उचलला. “चला, उभे राहा, आत्ता काढू.”

“फोनवर? आईसाठी?” पॉइंट पंचवीसला ते भलतंच लागलं. “मोठा केला की फाटतो तो फोटो. आईसाठीचा फोटो म्हणजे कसा, पापणी न पापणी दिसली पाहिजे.”

झालं. स्वारी निघाली कॅमेरा आणायला, तोही लेन्स बदलता येणारा, खरा. आयुष्यात पहिलाच. दुकानदार भला माणूस. त्याने कॅमेऱ्यासोबत येणारी साधी लेन्स पुढे केली आणि म्हणाला, “ही असू द्या. घरातले फोटो छान निघतात. पुढचं पुढे बघू.” पण आमच्या माणसाने आठवडाभर इंटरनेटवर अभ्यास केलेला. तिथल्या शहाण्यांनी त्या लेन्सला खेळणं ठरवलं होतं. याने ती लेन्स दोन बोटांनी मागे सरकवली आणि नुसता कॅमेरा घेऊन घरी आला. लेन्सच्या जागी तोंडावर काळं झाकण. नात, म्हणजे याची लेक, त्याला डोळा लावून बघत बसली आणि म्हणाली, “बाबा, यात काहीच दिसत नाही.” बरोबरच होतं तिचं.

मग सुरू झाला लेन्सचा काथ्याकूट. इंटरनेटच्या त्या जगात नाव कुणालाच नसतं, मत मात्र प्रत्येकाला असतं. एक म्हणे, पन्नास एमएमची घ्या, चेहरा असा उठून येतो. याने कॅमेरा हातात धरून खोलीत अंदाज घेतला. पन्नासने तिघं मावायला जितकं मागे जायला हवं तितकं जाताना पाठ कपाटावर आपटली, आणि तरी लेक बाहेरच राहत होती. दुसरा म्हणे, रुंद घ्या, अख्खी खोली मावते. तिसरा म्हणे, रुंद घेतलीत तर कडेला उभ्या माणसाचे गाल फुगतात. कडेला बायको उभी राहणार होती, तेव्हा तो विषय तिथेच संपला. शिवाय प्रत्येक लेन्सखाली कुणीतरी लिहून ठेवलेलं असायचंच: मधे झकास आहे, पण कडेला मऊ पडते, म्हणजे जरा पुसट. या वाक्याने त्याचा घास अडला. कडेला मऊ? आईसाठीच्या फोटोत? शक्यच नाही.

दिवसभर दुकानात लोकांना “एवढा विचार करू नका” सांगायचं आणि जेवणाच्या सुट्टीत डबा उघडा ठेवून लेन्सांचा कीस पाडायचा. कॅमेरावाल्याकडे तर इतके हेलपाटे झाले की हा दिसला की तो आत जाऊन बसायचा. महिने चालले होते. आई आता चहा कपाच्या बाजूला ओतत होती. सुनेला नातीच्या नावाने हाक मारत होती आणि आवाज आला की ओशाळं हसत होती. एकदा याला दारात उभा पाहून तिने विचारलं, “कोण आलंय?” हा तसाच पुढे सरकला. आत जाऊन पुन्हा लेन्सा बघत बसला. मला विचाराल तर या माणसाला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. फोटो काढायचा बाकी आहे तोवर आईचे डोळेही शाबूत आहेत, असं काहीतरी त्याने मनाशी धरलं होतं. दुसऱ्यांच्या डोळ्यांतलं बारीकसारीक कळणाऱ्याला हे कळत नव्हतं, यावर विश्वास ठेवणं कठीण आहे.

शेवटी बायको भडकली. “अहो, तुमची लेन्स ठरेपर्यंत आईंना भिंतसुद्धा दिसणार नाही. आज घेऊन या, नाहीतर तो कॅमेऱ्याचा डबा मी भंगारात देते.”

त्या दिवशी त्याने लेन्स आणली. कडेपर्यंत लख्ख. सगळ्या शहाण्यांचं एकमत झालेली एकमेव. गॅलरीत टायमर लावून फोटो काढला. मधोमध तिघं, कोपऱ्यात लाल फुलांची कुंडी. सवय जाते थोडीच, दोन मोठे फोटो छापून आणले, एक जरा उजळ, एक जरा गडद. आईला पलंगावर बसवलं आणि समोर आळीपाळीने धरले.

“बघ आई. पहिला चांगला की दुसरा?”

आई बराच वेळ बघत राहिली. “दोन्ही सारखेच रे.”

“नीट बघ ना. एवढा विचार करू नकोस. पहिल्यांदा जे वाटलं ते बोल.”

“कोपऱ्यात कुंडी आहे ना? लाल फुलांची? ती छान आलीय,” आई म्हणाली. “मधे तुम्ही असाल.”

बायकोने तोंड फिरवलं. त्याच्या हातात दोन्ही फोटो तसेच राहिले. पापणी न पापणी दिसत होती त्यात. आपण काय केलं ते आता त्याला अगदी स्पष्ट दिसत होतं.

“असा समोर नको उभा राहूस,” आई म्हणाली. “इकडे ये. बाजूला बस माझ्या.”

तो बसला. आईने मान पलीकडे वळवली, भिंतीकडे, जणू याच्याशी बोलायचंच नाही, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याच्याकडे बघितलं.

“हां, आता दिसलास,” ती म्हणाली. “किती वाळलायस रे.”