काचेच्या पेटीचे उपास

अख्ख्या गल्लीत बोललं जायचं की अभयकुमार बाबूजी चोरून मासे खातात.

बोलणारी मुख्य म्हणजे समोरची कोकिळा. नळाखाली हंडा लावून ती आवाज खाली आणायची, इतका खाली की तो फक्त तिसऱ्या घरापर्यंत जावा. "सांगू का व माय, बुढा मासा खास. पेटीमाईन एकेक कमी व्हस. कोठे जास मंग? बठ्ठी गल्लीले माहीत शे."

यात खरं एवढंच होतं की मासे कमी होत होते. पण ज्या घरात बटाटा येत नाही, दिवस मावळल्यावर ताट वाढत नाहीत, पाणीसुद्धा उकळून गाळून पितात, तिथे मासा कोण खाणार? बाबूजी मासे खात नव्हते. माशांपायी ते काहीच खात नव्हते.

पेटी नातवाची, मननची. त्याला जळगावात बसून समुद्र हवा होता. धुळ्याच्या जुनैदच्या दुकानातून त्याने काचेची पेटी, पाणी खारं करायचं मीठ, दगड, दोन नारिंगी मासे, एक निळा आणि लांब मिश्यांचे दोन झिंगे आणून बैठकीत मांडले. आणि चार दिवस कौतुक करून क्लाससाठी कोट्याला निघून गेला. जाताना म्हणाला, "दादाजी, फक्त खायला टाकायचं."

उभा जन्म दुकानात कापड फाडण्यात गेलेला, गुडघे संपलेले. बाबूजींना ते 'फक्त' फार जड गेलं. उन्हाळ्यात पेटीतलं पाणी नुसतं उडायचं. जुनैदने सांगून ठेवलं होतं, "मीठ उडत नै बाबूजी, पानीच उडतं, साधं पानी टाका." म्हणून बाबूजी रोज दुपारी गाळलेलं, उकळून गार केलेलं पाणी पेटीच्या मागच्या काळ्या कप्प्यात ओतायचे. त्या कप्प्यात पंप होता, पुढून पाणी पडायला काठाशी फट आणि वर झाकण, झाकणाला बोटभर भोक. माशांना खाणं घातलेली वाटीही ते विसळून त्याच भोकात रिकामी करायचे. जेवल्यावर ताट धुऊन ते पाणी पिऊन टाकायचं, कण वाया घालवायचा नाही, ही घरची रीत. माशांनी काय वेगळं खाल्लं होतं?

आधी एक नारिंगी दिसेना. मग निळा. मग एका सकाळी वाळूवर झिंगा पडलेला, पोकळ, पारदर्शक, मिश्यांसकट. बाबूजींनी तो कडुनिंबाखाली पुरला आणि तिसरा उपास धरला. गेलेल्या प्रत्येक जिवामागे एक. जीव आपल्या हातून गेला, हिशेब संपला.

फोनवर जुनैद कळवळून सांगत होता, "बाबूजी, झिंगा कात टाकतो, सापासारखा. ती त्याची सालटी हाय. अंग कच्चं ऱ्हातं, मंग लपून बसतो. दगडामागं बघा, मागच्या कप्प्यात बघा."

"तू विकणारा," बाबूजी थकून म्हणाले. "तू मेला म्हणशील का कधी?"

दोन दिवसांनी दुसरा झिंगाही गायब झाला. बाबूजींनी जाहीर केलं, "एकेका उपासाने भागत नाही. उद्यापासून अठ्ठम." म्हणजे सलग तीन दिवस, नुसत्या उकळलेल्या पाण्यावर. अंगात साखर, बाहेर ही आग. त्यांच्या बायकोने, सूरजबाईंनी, गोळ्यांचा डबा तेवढा त्यांच्यापुढे आणून ठेवला. मग स्वयंपाकघरात जाऊन म्हणाल्या, "या वेळेला हे उठायचे नाहीत गं," आणि ओट्याला धरून उभ्या राहिल्या.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते; तिथे वाटीभर साखर मागायला गेले होते. मला वाटलं, थट्टेने बाबूजींना थांबवावं. म्हटलं, "बाबूजी, पैज! निळा मासा कधीचाच मेला, तुमचा उपास त्याला पोचायचा नाही. जिवंत निघाला तर एक उपास माझा."

"आम्ही जुगार खेळत नाही," बाबूजी म्हणाले. डोळे मिटलेलेच. "पण तुला उपास करायचा असेल तर मी कोण अडवणार?"

त्याच दुपारी लाइट गेली. उन्हासाठी दारं-खिडक्या लावलेल्या, बैठकीत अंधार. पंप थांबला. पाणी हललं नाही तर मासे गुदमरतात, हे जुनैदचं एक वाक्य बाबूजींना पटलेलं होतं. ते गुडघे धरत उठले. सूरजबाईंनी मोबाइलचा उजेड धरला. मागच्या कप्प्याचं झाकण पहिल्यांदाच निघालं. बाबूजींनी त्यात लोटा बुडवून भरला, पुढे ओतायला उचलला, आणि तसेच थांबले.

लोट्यात निळा मासा होता. चांगला गुबगुबीत.

"हा फटीतून उडी मारून इथे आलेला," सूरजबाई हळूच म्हणाल्या. "आणि रोज वाटीचं धुणं पीत होता. अहो, तुम्ही उपाशी, आणि हा तुमच्याच हातचं जेवत होता."

तेवढ्यात अंधार बघून दगडाखालून मिश्या बाहेर आल्या. आधी दोन, मग आणखी दोन. दोन्ही झिंगे वाळूवरून चालू लागले, दुकान उघडायला निघाल्यासारखे.

बाबूजी हसले नाहीत. लोटा अलगद पेटीत रिकामा करून ते खुर्चीत बसले. "थकलो," एवढंच म्हणाले. मग खिडकीच्या कडेच्या उन्हाकडे बघून म्हणाले, "सूरज, खिचडी टाक. दिवस आहे अजून."

नारिंगी मात्र खरंच गेला होता. पेटी सरकवली तेव्हा भिंतीशी मिळाला, वाळून पापडीसारखा. "तो एक उपास बरोबर पोचला," बाबूजी म्हणाले. जुनैदने पेटीवर जाळी पाठवली. कोकिळाही आली, वाकून मासे मोजून गेली, आणि नळावर म्हणाली, "नवा मासा इकत आनात व्हतीन."

माझा उपास बाबूजींनीच ठरवून दिला, नेमका आखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा. आमच्या घरी आमरस, सांजोऱ्या, पाहुण्यांची पंगत. मी दारात बसलेले. दुपारी बाबूजी जिना उतरून, एकेका पायरीवर थांबत, स्वतः आले. हातात तोच लोटा, उकळून गार केलेल्या पाण्याचा.

"घे," ते म्हणाले. "मावळायच्या आत पिऊन टाक. नंतर हेही नाही."