हातात नसलेलं

दादा गेला तेव्हा वहिनी भाजी आणायला कोपऱ्यापर्यंत गेली होती. त्याला आता दोन वर्षं झाली. काल भेटायला गेलो, तर ती खिडकीशी उभी होती.

"मी घरात असते तर हे वाचले असते," ती नेहमीसारखं म्हणाली.

"वहिनी, डॉक्टर म्हणाले होते ना, क्षणात संपलं सगळं. तू असतीस तरी काही करता आलं नसतं."

"म्हणजे माझ्या हातात काहीच नव्हतं?"

मला वाटायचं, या दोषाचं तिला ओझं होतंय. खरं तर त्याचाच तिला आधार होता. तो सोडायचा, तर दादा उगीचच गेला, हे मानावं लागणार होतं.

"नव्हतं," मी म्हणालो.

ती हळूहळू खाली बसली, आणि स्वतःला बोल न लावता पहिल्यांदाच नुसती त्याच्यासाठी रडली.