तिरपं बघण्याची परवानगी
होसगेरीत नीलगंगेला शिष्ट म्हणायची रीत पडली होती, आणि त्यात आमच्या गल्लीचा वाटा मोठा होता, हे कबूल केलेलं बरं. पोरगी बोलायला उभी राहिली की तोंडाकडे म्हणून बघायची नाही. कानामागं बघेल, खांद्यावरून बघेल. खरी गोष्ट अशी की सोळाव्या वर्षी तिच्या नजरेच्या मधोमध भोक पडलं. ज्याच्याकडे सरळ बघावं ते गायब. कडेचं मात्र दिसे – म्हैस, बस, शेजारणीची नवी खणाची चोळी. म्हणून जे बघायचं त्याच्या बाजूला बघायचं, असा उफराटा कारभार.

बी.ए.च्या चाचणीत तो अंगाशी आला. प्रश्नपत्रिका दिसावी म्हणून तिनं मान वळवली, आणि पर्यवेक्षकाला वाटलं, शेजारणीचं बघून लिहितेय. पेपर काढून घेतला. आता सोमवारपासून खरी परीक्षा, पुन्हा पकडली तर वर्ष बुडालं. तेव्हा मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका, जादा वेळ आणि वेगळी खोली मागायला ती शुक्रवारी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात गेली. सोबत आई, काशव्वा.

टेबलामागं हंचिनाळ कारकून.

"इकडं बघून बोल, तंगव्वा," धाकट्या बहिणीला हाक मारावी तसं ते म्हणाले.

"तुमच्याकडंच बघतेय, सर."

"मी इथं बसलोय. तू कपाटाशी बोलतेस!"

"सर, त्यासाठीच आलेय."

हंचिनाळांनी चष्मा पुसला. "बस दिसते?"

"दिसते."

"बसवरची पाटी?"

"नाही."

"मी दिसतो?"

"कान दिसतात. आणि तुमची एक चप्पल, पायातून काढून ठेवलेली."

हंचिनाळांनी घाईघाईनं पाय चपलेत घातला आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र उलटंसुलटं केलं. "साठ टक्के लिहिलंय. साठ टक्के आंधळी म्हणजे चाळीस टक्के डोळस. मग काय, निम्मा पेपर मोठ्या अक्षरात छापू?"

नीलगंगेला प्रश्न पडला, हे चिडून विचारतायत की खरंच?

खरंच विचारत होते. माणूस मनानं वाईट नव्हता. अर्जात दोनच चौकटी होत्या: हातापायाचं अपंगत्व आणि अंध. "अंध लिहितो," ते हळूच म्हणाले. "लेखनिक मिळेल, तासाला वीस मिनिटं जादा मिळतील. सही कर, मोकळी हो."

"अंध?" काशव्वा उसळली. "अहो, पोरीचं लग्न व्हायचंय! गावाला मी चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून सांगितलंय!"

"मग नंबर वाढल्याचा अर्ज करा, अक्का. त्याला एक मिनिट मिळत नाही."

घरी काही झालेलं नाही, इथं सगळंच गेलेलं. या दोघांतली आपण कोणती, हे नीलगंगेला त्या घडीला खरोखर सांगता आलं नसतं. सोमवार मात्र डोक्यावर होता. तिनं पेन उचललं, टेकवलं, आणि थांबली.

"सर, मी आंधळी म्हणून बसले, आणि पेन पडलं आणि मी उचललं, तर?"

"तर काय?"

"परत पकडतील. मागं कॉपी म्हणून, आता सोंग म्हणून."

हंचिनाळांनी डोकं खाजवलं. "मग लिहू काय मी?"

"आहे तसं लिहा. हिला सरळ बघितलं की दिसत नाही, बाजूला बघितलं की दिसतं. ही बाजूला बघेल. बघू द्यावं."

"याला चौकट नाही गं."

"खाली जागा आहे, सर. पांढरी दिसतेय."

"ती शेऱ्याची," असं पुटपुटत त्यांनी शब्दन् शब्द उतरवला आणि कागद आत साहेबांकडे नेला. पाऊण तासानं बाहेर आले, तेव्हा शेऱ्यावर आणि तिच्या तिन्ही मागण्यांवर सही होती. साहेबांना काय कळलं, ते हंचिनाळांनाही सांगता येईना. काशव्वानं तेवढ्यात "अंध कुठं लिहिलं नाही ना?" असं तिघांना विचारून घेतलं होतं.

सोमवारी नीलगंगा एकटीच एका खोलीत. एका पानावर दोनच प्रश्न, अक्षरं जांभळाएवढी. समोर नवे पर्यवेक्षक, हातात तो शेरा. तो त्यांनी दोनदा वाचला. मग ती भिंतीकडे बघून लिहायला लागली, आणि त्यांच्या जिवाला चैन पडेना. परवानगी होती, अडवता येईना. पेपर जादा वेळासकट चार तासांचा; तिसरा तास संपेपर्यंत ते चारदा उठले, भिंतीपाशी गेले, चुन्यावर बोट फिरवून आले. काही सापडलं नाही.

पाचव्यांदा उठले तेव्हा तिनं पुरवणी मागितली.