कोणत्याच कार्डावर नसलेल्या

अर्पिता चहा बशीत ओतायची आणि प्यायचा विसरायची. जीपमध्ये खिडकीची जागा म्हाताऱ्या बाईला देऊन स्वतः दाटीवाटीत बसायची. मेलेल्या बाईचं नाव घेताना पूर्ण घ्यायची, बापाच्या नावासकट. ताप आला की गोळी कोरडीच गिळायची. आणि कोणाच्याही घरात शिरली की पाणी मागायच्या आधी रेशनकार्ड मागायची. तिची मैत्रीण सुरभी म्हणायची, "अगं, थोडी लाज धर." त्यावर तिचं ठरलेलं उत्तर, "तुह्या कवितेले लाज परवडते. माह्या कामाले नाही."

काम यवतमाळच्या एका लहानशा संशोधन संस्थेतलं. जिल्ह्यात नोंदलेला तरुण बाईचा प्रत्येक मृत्यू घ्यायचा, रेशनकार्डांच्या यादीत तिचं नाव शोधायचं, कार्डाचा रंग पाहायचा. पिवळं म्हणजे गरीब, केशरी मधलं, पांढरं खाऊनपिऊन सुखी. कोणत्या घरातल्या बाया जास्त मरतात, ते त्यावरून कळतं. एम.ए. मराठी झालेल्या सुरभीलाही एवढं समजलं होतं.

त्या वर्षी निघालं ते गोड होतं. गरीब-श्रीमंत घरांतल्या बायांच्या मृत्यूंमधलं अंतर कमी होत चाललेलं. संस्था चालवणाऱ्या सरांनी पेढे आणले. अर्पितानं पेढा हातातच धरून विचारलं, ज्यांचं नाव कोणत्याच कार्डावर सापडलं नाही त्यांचं काय केलं? सर म्हणाले, जे जुळत नाही ते गाळतात. रीतच आहे.

ती गाळलेली नावं घेऊन अर्पिता गावोगाव निघाली. सुट्टीच्या दिवशी सुरभी सोबत असायची.

मारेगावकडच्या एका गावात तानाबाई दुसऱ्याच्या पऱ्हाटीत, कपाशीच्या ओळींत, निंदत होती. तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिथंच गेली. तानाबाईनं मान वर न करता सांगितलं, "लग्न झालं तवा आमच्या कारडातून नाव कापलं. सासरा म्हने, लेकरू झालं का दोघायचं संगंच चढवू. तहसीलले दोनदा कायले जा? रोजी बुडते." विळा थांबला. "तुमच्या हिशोबात थे कोनाची हाय, पोरी?"

अर्पितानं लेकीच्या सासरचं गाव विचारून वहीत लिहून घेतलं. परतताना ती सुरभीला सांगत राहिली. पांढऱ्या कार्डाच्या घरात सुनेचं नाव लग्नाच्या मागोमाग चढतं. रोजी बुडणाऱ्या घरात ते लेकराची वाट बघत राहतं. मग बाळंतपणात मेलेली गरिबाची सून ना माहेरच्या कार्डावर, ना सासरच्या. गाळल्या जातात त्या याच.

"अंतर कमी नाही झालं, सुरभे," ती म्हणाली. "गरिबाचे मुडदे कमी मोजून राह्यलो आपण."

सर काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं. दिवाळीआधी गाळलेल्या सगळ्याजणींच्या सासरच्या कार्डांचा रंग आणून दे, अहवाल बदलतो, म्हणाले. अर्धवट यादी मात्र चालणार नाही.

ती चिखल तुडवत हिंडली. ताप आला. तिनं गोळ्या गिळल्या, कोरड्याच. बाभुळगावला घरी आडवी झाली तेव्हा वडिलांनी गाडी करून तिला यवतमाळच्या मोठ्या खाजगी दवाखान्यात आणलं. डॉक्टर चांगले होते. औषधं वेळेवर होती. कशाचीच कमी पडली नाही. तरी ती गेली.

यादी अपुरी होती, म्हणून अहवाल होता तसाच गेला. अंतर कमी होत आहे, असं त्यात छापलं आहे.

पुढच्या वर्षीची जुळणी सुरू झाली, तेव्हा ऑफिसातल्या अमरनं सुरभीला फोन केला. म्हणाला, अर्पिताचं नाव आलं यादीत. शोधावंसुद्धा लागलं नाही. वडिलांच्या कार्डावर नीट होतं. पांढऱ्या कार्डावर.

पांढऱ्यात एक मृत्यू वाढला. अंतर आणखी थोडं कमी झालं.

तानाबाईच्या लेकीचं सासर दारव्ह्याकडचं. सासरा बाजाराच्या दिवशीच घरी सापडतो, असं कळलं होतं. अर्पितानं तो दिवस धरून ठेवला होता. सकाळच्या जीपनं जायचं ठरलं होतं. त्या घरचं कार्ड बघायचं राहिलं.